कोपऱ्यावरचा ‘ओरिजिनल देवगड’ स्टॉल : ५ पैकी २ स्टार, त्यातला एक पेंढ्याला

आधीच सांगते, आंब्यातलं मला फार कळत नाही. माहेर नगरचं, लहानपणी हापूस यायचा तो पाहुण्यांपुरता, आम्हाला बादलीत भिजवलेला रायवळ, चोखायचा आणि कोय कोणाची जास्त पांढरी होते ते बघायचं. त्यामुळे हा रिव्ह्यू चवीवर कमी आणि व्यवहारावर जास्त आहे. एमएला इकॉनॉमिक्स होतं, आता बँकेत आहे, आणि जे काही तेव्हा परीक्षेपुरतं घोकलं होतं ते सगळं या एप्रिलमध्ये दोन डझन आंब्यांत परत भेटलं.

स्टॉलचं नाव लिहीत नाही. सिंहगड रोडला आमच्याकडे मार्च संपता संपता असे चार तरी स्टॉल लागतात, हिरवी नेट, पिवळा बल्ब, लाकडी पेट्यांची भिंत आणि वर बोर्ड ‘ओरिजिनल देवगड, डायरेक्ट बागेतून’. त्यातला हा आमच्या गेटच्या अगदी कोपऱ्यावरचा. रोज तिथूनच ऑफिसला जायचंय मला.

तर भाव. पुठ्ठ्यावर मार्करने लिहिलेलं, डझन २२००, त्यावर लाल काट, आणि खाली लहान फळ ९००, मध्यम १४००, मोठं १५००. आता हे तीन आकडे नीट बघा. मध्यम १४०० ला कोण शहाणा घेईल जेव्हा शंभर रुपये टाकले की मोठं मिळतं? कोणीच नाही, आणि तो घ्यायसाठी ठेवलेलाच नाहीये, तो मोठा स्वस्त वाटावा म्हणून तिथे बसवलाय. ९०० आणि १५०० एवढंच लिहिलं असतं तर मी लहान फळ घेऊन गप घरी आले असते. आणि ते २२०० खोडलेलं, ते २२०० कधी कोणी दिले होते का, तर माझ्या माहितीत तरी पाडव्यालाही नाही. कानमन आणि ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांचा १९७४ चा एक प्रसिद्ध प्रयोग आहे, लोकांसमोर एक चक्र फिरवायचं, ते मुद्दाम १० वर नाहीतर ६५ वर थांबेल असं केलेलं, आणि मग विचारायचं की युनोमध्ये आफ्रिकेतले देश किती टक्के. चक्राचा आणि आफ्रिकेचा काडीचा संबंध नाही, तरी १० बघितलेल्यांचा अंदाज साधारण २५ आला आणि ६५ बघितलेल्यांचा ४५, म्हणजे आधी दिसलेला आकडा अंदाजाला आपल्याकडे ओढतो. हे मी पेपरात दहा मार्कांना लिहून आलेली बाई आहे. आणि तरी त्या पुठ्ठ्यासमोर उभं राहून मी घासाघीस करून मोठं फळ १४०० ने मिळवलं, म्हणजे मध्यमच्या भावात मोठं, आणि इतकी खूश झाले की दोन डझन घेतले. २८०० रुपये. एक आंबा ११६ ला. हा हिशोब घरी येऊन केला, तिथे नाही.

फोड पण दिली त्याने खायला. काय फोड होती, केशरी, रेघ नाही, घसा गोड. पण ती कुठल्या आंब्याची, तर त्याने स्वतः निवडून काढलेल्या. चार आंबे हातात घेतले, देठाशी वास घेतला, तीन परत ठेवले, एक कापला. म्हणजे त्याला निवडता येतं! हे मला तिथेच लक्षात यायला पाहिजे होतं. जो माणूस चारातला चांगला वासावर काढतो तो उरलेल्या तीनांचं काय करतो? माझ्या पिशवीत घालतो.

आता घरचं सांगते. २४ आंबे, पेंढ्यासकट खोक्यात, सासूबाईंनी कॉटखाली ठेवले, रोज सकाळी उठून खालचे वर वरचे खाली. पाचव्या दिवशी वास सुटला, सहाव्याला पहिले चार कापले. पहिला ठीक. दुसरा कापला आणि कोयीजवळ पांढरट, स्पंजसारखं, आंबूस, साका. तिसरा बरा. चौथ्यात परत साका. एकूण २४ मध्ये साका निघाले ५, देठाकडून काळे पडलेले ३, आणि उरलेले १६ गोड होते पण देवगड म्हणावं असं त्यात काही नव्हतं, साल जाड आणि आत केशरीपेक्षा पिवळाच जास्त. खोक्याच्या तळाशी कन्नड पेपर. आता कन्नड पेपर म्हणजे काही पुरावा नाही, रद्दी कुठूनही येते, आणि उलट मराठी पेपर घातलेली पेटी देवगडचीच असते असंही नाही, हे आता विकणाऱ्यांनाही कळलंय. पण नवऱ्याने तो पेपर उलगडून डायनिंग टेबलावर असा अंथरला जणू एफआयआरच.

एक गोष्ट स्पष्ट लिहिते नाहीतर खाली भांडणं होतील. कर्नाटकचा हापूस वाईट नसतो. ७०० रुपये डझन असा बोर्ड लावला तर मी आनंदाने घेईन, शेकला तोच वापरते. राग आहे तो नावाच्या फरकाचे पैसे घेण्यावर. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये हापूसला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांपुरतं, म्हणजे कायद्याने हापूस हे नाव लावायचा हक्क तेवढ्यांचा. पण स्टॉलवर जीआय दिसत नाही, दिसतो तो पुठ्ठा, आणि पुठ्ठ्यावर कोणीही काहीही लिहू शकतं. ‘कार्बाइड फ्री’ पण लिहिलं होतं त्याने, मोठ्या अक्षरात. अहो कार्बाइडने फळं पिकवायला बंदीच आहे, चालतो तो इथिलीन गॅस, तोही ठरलेल्या प्रमाणात. कार्बाइड फ्री म्हणून मिरवणं म्हणजे दुकानावर ‘आमच्याकडे चोरीचा माल नाही’ अशी पाटी लावण्यासारखं.

यावर जॉर्ज अ‍ॅकरलॉफ नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९७० मध्ये एक पेपर म्हणजे शोधनिबंध लिहिला, छोटासाच, आणि छापायच्या आधी तीन जर्नलांनी परत पाठवला होता. २००१ ला त्याच कामावर नोबेल मिळालं, स्पेन्स आणि स्टिग्लिट्झ यांच्याबरोबर. त्याचं उदाहरण जुन्या गाड्यांचं आहे पण मी आंब्यावर सांगते. समजा मार्केटमधला निम्मा माल १५०० च्या लायकीचा आणि निम्मा ७०० च्या, आणि गिऱ्हाइकाला बाहेरून फरक कळत नाही. तर गिऱ्हाईक काय देईल, मधला भाव, ११००. आता ज्याच्याकडे खरा देवगड आहे तो म्हणतो ११०० ला मी का देऊ, माझी फवारणी, राखण, तोडणी, पेटीचं लाकूड, आणि तो आपला माल ओळखीच्या घरी नाहीतर बाहेर पाठवतो. स्टॉलवर राहिला कोण? ७०० वाला. गिऱ्हाइकाला हे दोन सीझनमध्ये कळतं आणि तोही म्हणतो स्टॉलवर घेऊच नका. म्हणजे फसवणाऱ्याने नुसतं मला फसवलं नाही, देवगडच्या प्रामाणिक बागवाल्याचं गिऱ्हाईकही घालवलं. आणि गंमत म्हणजे त्याच पेपरात भारतातल्या बाजाराचं उदाहरण आहे, की इथल्या बायकांना तांदूळ निवडावा लागतो कारण त्यात त्याच रंगाचे आणि आकाराचे खडे मुद्दाम मिसळलेले असतात. हे वाचलं तेव्हा मला डोळ्यांसमोर आईच दिसली, दुपारी गॅलरीत सूप घेऊन बसलेली. एवढी वर्षं ती जे करत होती त्याला अर्थशास्त्रात नाव आहे हे तिला सांगितलं तर म्हणाली, “मग त्या माणसाला सांग, डाळ पण निवडावी लागते.”

मामेसासरे वाशीच्या फळ मार्केटला बरीच वर्षं होते. ते सांगतात की तिथे भाव तोंडाने बोलायची पद्धतच नव्हती, दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि खाली बोटं दाबून आकडा ठरवायचा, बाजूला उभ्या असलेल्या तिसऱ्याला कळता कामा नये. म्हणजे आपण पेटीशी उभं राहून काय कळणार ते कळणार, आपल्याआधीच चार रुमाल होऊन गेलेले असतात.

पण साक्याचं वेगळं आहे हां. साका बाहेरून कोणालाच दिसत नाही, ना मला ना त्याला, ना ज्याने झाडावरून काढला त्याला. तिथे लपवाछपवी नाही, दोघंही आंधळे. मग प्रश्न एवढाच उरतो की निघाला तर भुर्दंड कोणाचा. आणि इथे या स्टॉलने माझे स्टार घालवले. घेताना म्हणाला होता, “ताई खराब निघाला एक जरी, बदलून देणार, गॅरंटी.” मी पाच अर्धे कापलेले आंबे डब्यात घालून घेऊन गेले. तर म्हणे कापलेला परत घेत नाही.

“अहो दादा, कापल्याशिवाय साका कळणार कसा?”

“तेच ना ताई. बाहेरून आम्हाला पण कळत नाही.”

“मग गॅरंटी कसली?”

“बाहेरून खराब दिसला तर.”

“बाहेरून खराब दिसला तर मी घेईनच कशाला?”

यावर त्याने दोन्ही हात वर केले आणि मागे वळून कोणाला तरी पाच डझनाची पेटी दाखवायला लागला. मी डबा घेऊन तशीच उभी, मागे लाइन. शेवटी काळ्या पडलेल्या तीनांच्या बदल्यात दोन दिले, तेही लहान फळ.

घरी तर वेगळाच अध्याय. सासूबाई म्हणाल्या टाकायचे नाहीत, साका काढून उरलेल्याचा रस कर. तर साका काढला, आंबटपणा राहिला, म्हणून साखर घातली, मग फारच गोड झालं म्हणून दूध, मग पातळ झालं म्हणून त्यातलाच अजून एक चांगला आंबा. ११६ रुपयांचे पाच खराब आंबे वाचवण्यासाठी ११६ चा एक चांगला, पाव किलो साखर आणि माझा रविवारचा एक तास. कोणीच प्यायलं नाही. पैसे गेले ते गेले, ते काही केलं तरी परत येणार नव्हते, हे मला माहीत होतं, पण ११६ चा आंबा कचऱ्याच्या डब्यात टाकायला हात उचलत नाही हो. तोच आंबा शेजारणीने फुकट दिला असता तर मिनिटात टाकला असता.

ऑनलाइन रेटिंग बघून जायचं ना, असं कोणी म्हणेल तर ते पण सांगते. ४.७ आहे. का आहे ते मला दुसऱ्या दिवशी कळलं, बिलाबरोबर एक कार्ड देतात, ५ स्टार द्या आणि स्क्रीनशॉट दाखवा, एक आंबा फ्री. आणि रेटिंग देताना लोक असतात स्टॉलवर, आंबा कापायचा असतो सहा दिवसांनी! म्हणजे ते ४.७ आंब्याला नाहीत, फोडीला आहेत.

आता दुसरा भाग, सोसायटीचा. माझं रडगाणं ग्रुपवर गेल्यावर ठरलं की सगळ्यांनी मिळून एकत्र ऑर्डर द्यायची. तीन पर्याय आले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या ओळखीचा देवगडचा बागवाला, आमच्या ऑफिसमधल्या एकाच्या गावचा रत्नागिरीचा, आणि हाच कोपऱ्यावरचा स्टॉल, जो म्हणाला वीस डझनाच्या वर घेतलं तर १२०० लावतो. सेक्रेटरी काकांनी पोल टाकला, एकाला एकच मत. ४८ फ्लॅट, मतं पडली ४१. देवगड १२, रत्नागिरी १३, स्टॉल १६. स्टॉल जिंकला! मी मोबाईल बघून हसावं की रडावं. ४१ पैकी २५ जणांना थेट कोकणातून पाहिजे होतं, पण ते दोन बागांत फुटले आणि ज्याला बहुमत नको म्हणत होतं तोच निवडून आला. आपल्याकडे आमदार-खासदार असेच निवडून येतात म्हणा, त्यामुळे कोणाला काही विचित्र वाटलंच नाही. “पोल झालाय, लोकशाही आहे,” काका म्हणाले.

हे काही मी शोधलेलं नाही. फ्रान्समध्ये बोर्दा नावाचा नौदलातला गणिती होता, त्याने १७७० मध्येच तिथल्या अकादमीपुढे नेमकं हेच मांडलं होतं, २१ मतदार, एकाला ८, दुसऱ्याला ७, तिसऱ्याला ६, आठ मतांवाला जिंकतो, आणि उरलेल्या १३ जणांच्या यादीत तो शेवटचा. त्याचा उपाय होता मतदाराने क्रम लावायचा आणि क्रमाला गुण द्यायचे. आपल्याला पसंतीक्रम नवा नाही, राष्ट्रपती तसाच निवडतात, १९६९ ला व्ही. व्ही. गिरी पहिल्या पसंतीत कोट्याला, म्हणजे जिंकायला लागणाऱ्या मतांना, पोचले नव्हते, दुसऱ्या पसंतीची मतं मोजल्यावर आले. विधान परिषदेच्या पदवीधरला मी स्वतः जांभळ्या स्केचपेनने १, २, ३ लिहून आलेय. तर मी म्हणलं तसंच करू, कागदावर. वॉचमनच्या टेबलावर रजिस्टर ठेवलं आणि त्याच ४१ जणांनी क्रम लिहिला.

देवगडवाल्या बाराही जणांची दुसरी पसंती रत्नागिरी, शेवटी स्टॉल. रत्नागिरीवाल्या तेरांची दुसरी देवगड, शेवटी स्टॉल. स्टॉलवाल्या १६ मध्ये १० जणांनी दुसरं रत्नागिरी लिहिलं आणि ६ जणांनी देवगड. पहिल्याला २ गुण, दुसऱ्याला १, तिसऱ्याला काही नाही. रत्नागिरी ४८, देवगड ४३, स्टॉल ३२. माणसं तीच, आवडनिवड तीच, कालचा पहिला आज शेवटचा. समोरासमोर लावून बघितलं तरी तेच, रत्नागिरी विरुद्ध स्टॉल २५-१६, देवगड विरुद्ध स्टॉल पण २५-१६, म्हणजे स्टॉल कोणालाच हरवू शकत नव्हता आणि पोल जिंकून बसला होता. काकूंना देवगड हरल्याचं वाईट वाटलं पण रत्नागिरी-देवगड २३-१८ होतं, त्याला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. “मग आधी का नाही असं केलं,” एवढंच म्हणाल्या.

या पद्धतीत गडबड होत नाही असं नाही. स्टॉलवाल्या त्या दहा जणांनी ठरवून रत्नागिरी शेवटी टाकली असती, मनात नसताना, तर देवगड आलं असतं. पुढच्या वेळी करतील पण, मला माहितेय कोण करणार ते. बोर्दाला कोणीतरी हे दाखवलं तेव्हा तो म्हणाला म्हणे की माझी पद्धत प्रामाणिक माणसांसाठीच आहे. तो आमच्या सोसायटीच्या एजीएमला आलेला नव्हता.

तर रत्नागिरीवाल्याचा रिव्ह्यू पण इथेच देऊन टाकते, ४ स्टार. पाच डझनाची पेटी, आमच्या वाट्याला एक. टेम्पो चार दिवस उशिरा आला आणि फोनवर रोज “निघालाय ताई, घाटात आहे”, चार दिवस एकच घाट, त्याचा एक स्टार गेला. आणि साठ आंबे आढीत घातले की साठही एकदम तयार होतात, तीन दिवस सकाळ-दुपार-रात्र आंबा, पोराने शेवटी वरण-भात मागितला. पण त्याची अट ऐका. साका निघाला तर कापलेल्याचा फोटो पाठवायचा, जेवढे फोटो तेवढे पुढच्या बिलातून वजा. साठात ४ निघाले, मी चार फोटो पाठवले, त्याने न विचारता चाराचे पैसे कापले. आता बघा, असं आश्वासन खराब मालवाल्याला परवडणारच नाही, पाचात एक साका निघत असेल तर तो बुडेल, त्यामुळे जो देतो त्याच्या नुसत्या देण्यातच कळतं की माल कसा आहे. स्टॉलवाल्याचं तोंडी ‘गॅरंटी’ फुकट होतं म्हणून त्याला किंमत पण तेवढीच. देवगडच्या बागवाल्यांच्या सहकारी संस्थेने २०२५ च्या सीझनला फळागणिक युआयडीचं, म्हणजे प्रत्येक फळाच्या वेगळ्या ओळख क्रमांकाचं, स्टिकर काढलं तेही याच्यासाठीच, एकदा लावलं की फाडल्याशिवाय निघत नाही असं. माझ्या दोन डझनांत एकावरही स्टिकर नव्हतं आणि मी विचारलं पण नाही, ही चूक माझी.

स्टॉलला दोन स्टार का दिले, एकच का नाही, असं नवरा विचारतोय. एक त्या फोडीला, ती खरंच अप्रतिम होती. दुसरा पेंढ्याला, स्वच्छ, कोरडा आणि भरपूर, सासूबाईंनी तो ठेवून रत्नागिरीच्या आंब्यांना वापरला.

दुसऱ्या खेपेसाठी काल परत रजिस्टर ठेवलं होतं, या वेळी पायरीचा पण पर्याय आहे. सेक्रेटरी काकांनी ‘सगळेच चांगले आहेत’ म्हणून चौघांपुढेही १ लिहिलंय. पदवीधरला असं केलं तर मत बाद होतं, हे त्यांना कोणी सांगायचं यावर सध्या ग्रुपवर पोल चालू आहे, एकाला एकच मत.